बोटीच्या सीटचं काम: कव्हर उघडल्याशिवाय दर सांगू नका



कुडाळच्या माझ्या दुकानात वर्षाचे नऊ महिने नेहमीचं काम चालतं. बाइकच्या सीट, गाड्यांची सीट कव्हरं, कधी एखादा सोफा, लग्नसराईत हॉलच्या खुर्च्या. जून लागला की हे सगळं थंडावतं. पावसात कोण सीट कव्हर बदलायला येतो? आणि नेमक्या याच दिवसांत मालवण, तारकर्ली, देवबागच्या पर्यटन बोटी पाण्याबाहेर येतात. मे संपता संपता प्रवासी वाहतूक आणि वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, ते थेट पावसाळा संपेपर्यंत. बोट शेडमध्ये किंवा ताडपत्रीखाली उभी असते आणि मालकाच्या हातात तीन महिने असतात. इंजिन तो स्वतः बघतो, रंग स्वतः मारतो. सीट मात्र त्याला स्वतःला जमत नाहीत.

म्हणजे तुमचा रिकामा काळ हाच त्याचा दुरुस्तीचा काळ. बीबीए करताना हंगामी धंद्याबद्दल आम्ही बरंच पाठ केलं होतं, पण हा मेळ मला दुकान टाकल्यावर चौथ्या वर्षी दिसला. दिसला आणि मी उडीच मारली. त्या उडीत किती आपटलो ते आज सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण सीट कव्हरच्या दुकानाचा विचार करताय आणि हे काम तुमच्याकडे आज ना उद्या येणार. समुद्र जवळ नसला तरी येईल, धरणांच्या जलाशयांवरही मोटरबोटी चालतात.

पहिलं काम फोटोवर घेतलं

देवबागचे एक दादा. वीस फुटी फायबरची जुनी मोटरबोट, दुसऱ्या हाताने घेतलेली. दोन्ही बाजूंना सहा-सहा फुटांची बाकं, त्यावर तीन-तीन फुटांच्या दोन गाद्या, मागे एक आडवी सीट आणि चालवणाऱ्याची एक खुर्ची. एकूण सहा नग. त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. कव्हर फाटलेलं, शिवण उसवलेली, एका कोपऱ्यातून फोम बाहेर आलेला. मी फोटो मोठे करून बघितले, मनात मीटर मोजले आणि दहा मिनिटांत दर कळवला: सोळा हजार. दादांनी लगेच ‘ओके’ पाठवलं. गिऱ्हाईक घासाघीस न करता हो म्हणालं की माझ्या पोटात आता गोळा येतो. तेव्हा आनंद झाला होता.

गाद्या टेम्पोतून दुकानात आल्या. तीन फुटांची एक गादी उचलायला दोघं लागले, तिथेच मला थांबायला हवं होतं. कोरडी असती तर एका हाताने उचलली असती.

कव्हर उलटं करून पिना काढायला लागलो तर पिना निघेनात, तुटायला लागल्या. साध्या लोखंडी पिना होत्या, गंजून त्यांची पूड झालेली. कव्हर ओढलं आणि आतला फोम पाव चहात बुडवल्यासारखा. दाबला की काळपट पाणी, वरून वास. खाली बारा एमएमची प्लायची फळी होती. तिच्यात स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला. सहा नगांपैकी पाच फळ्या कामातून गेल्या होत्या.

मी दर दिला होता कव्हर आणि फोमचा. फळीचा विचारच केला नव्हता.

आता इथे दोन रस्ते होते. दादांना फोन करून, फळीचा फोटो पाठवून खर्च वाढतोय असं सांगायचं. किंवा गप्प बसून स्वस्तात उरकायचं. एकदा सांगितलेला दर कसा बदलायचा, या लाजेने मी दुसरा रस्ता धरला. साधी कमर्शियल प्लाय, दुकानात होता तोच फोम, बाइक सीटचं रेक्झिन, नेहमीचा धागा, नेहमीच्या पिना. दिसायला काम फर्स्टक्लास झालं. निळ्या-पांढऱ्या गाद्या, पांढरी पायपिंग. इन्स्टावर टाकलं, लाइक्स आले.

हिशोब बघा. रेक्झिन नऊ मीटर, २८० रुपयांनी २,५२०. फोम ५,०००. प्लाय २,४००. धागा, पिना, सोल्यूशन ९००. दोन कारागीर चार दिवस, सहाशे रुपये रोज, म्हणजे ४,८००. टेम्पोच्या दोन फेऱ्या १,६००. बेरीज १७,२२०. सोळा हजारांच्या कामात बाराशे वीस रुपये खिशातून गेले आणि माझा स्वतःचा वेळ त्यात धरलेलाच नाही.

इथेच संपलं असतं तर बरं होतं.

डिसेंबरमध्ये फोन आला

नाताळची गर्दी, बोटींचा खरा सीझन. दादांनी फोनवर आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, “ये आणि बघ.” गेलो. पांढऱ्या पायपिंगच्या कडेने तांबडे ओघळ आले होते, पिनांचा गंज. गाद्यांवर टॉवेल अंथरलेले, कारण बसलं की शिवणीतून पाणी वर येऊन कपडे ओले होत होते. पुण्याच्या एका कुटुंबाने त्यावरून वाद घालून अर्धे पैसे परत घेतले होते. दादांनी गादी उचलून माझ्यापुढे आडवी धरली. पाणी ठिबकायला लागलं.

“सीट बरी दिसता रे. पण आत गेललां पाणी भायर खंयसून येतला?”

मालवणीतला हा साधा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. बाइकच्या सीटवर पाऊस पडतो, वाहून जातो, ऊन लागतं, सुकतं. बोटीत तसं नाही. लाटेचे शिंतोडे, भिजून आलेले पर्यटक, धुताना मारलेला पाइप. पाणी दिवसभर येतच राहतं आणि ते खारं असतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे मीठ मुरलेला फोम आणि कापड पूर्ण सुकतच नाही. शिवण म्हटली की सुईची भोकं आली. भोकं आली की पाणी आत जाणार. तुम्ही कितीही चांगलं शिवा, ते जाणारच.

मी गादी बंद डब्यासारखी बनवली होती. पाणी शिवणीतून आत गेलं, खाली फळी, बाजूने घट्ट कव्हर. बाहेर यायला वाट नाही. मग ते फळीतच मुरलं.

दादा आणखी एक वाक्य बोलले ते मी विसरत नाही. “माजी बोट सीझनात दोन दिस उबी रवली तर तुजी सीट माका केवढ्याक पडली, हिशोब कर.” मी सोळा हजारांचा विचार करत होतो, ते बुडणाऱ्या फेऱ्यांचा करत होते. सीझनभर त्यांनी टॉवेल टाकूनच बोट चालवली.

पुढच्या पावसाळ्यात सगळं काम पुन्हा केलं. मजुरी पूर्ण माझी, माल निम्मा-निम्मा, असं ठरलं. निम्मा माल त्यांनी आपणहून कबूल केला, मी मागितला नव्हता. माल आला २६,४०० चा. माझ्या वाटणीचे १३,२००, मजुरी ६,०००, वर आधीचा तोटा १,२२०. वीस हजार चारशे वीस. इतके पैसे भरून मी बोटीच्या सीट शिकलो. आता तुम्हाला फुकट सांगतो.

दुसऱ्यांदा काय वेगळं केलं

आधी फळी. ‘वॉटरप्रूफ आहे’ या दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मरीन प्लायवर आयएस ७१० हा मार्क छापलेला असतो. आयएस ३०३ लिहिलेली प्लाय घरातल्या फर्निचरसाठी ठीक, बोटीसाठी घेऊ नका. पण ७१० आणली म्हणून काम झालं असंही नाही. प्लाय कडेने पाणी पिते. कापलेली प्रत्येक कड, पाडलेलं प्रत्येक भोक बंद करावं लागतं. आम्ही फळी आधी कापतो, कडा गोल घासतो, पाणी जाण्यासाठी दर वीतभर अंतरावर बारा एमएमची भोकं पाडतो आणि मगच इपॉक्सीचे दोन-तीन हात देतो. भोकांच्या आतूनसुद्धा, बारीक ब्रशने. इपॉक्सी आधी आणि भोकं नंतर असं केलं तर सगळी मेहनत त्या भोकातून वाहून गेली समजा.

कोकणात हे काम जुलैत करणं म्हणजे वेगळीच कसरत. हवेतच इतकं पाणी की कोरडी म्हणून आणलेली प्लायसुद्धा ओलावा धरते आणि ओल्या फळीवर इपॉक्सी मारलं तर ओल आत कोंडली जाते. आमच्या पोटमाळ्यावर मोठे बल्ब आणि पंखा लावून फळ्या दोन-तीन दिवस उभ्या ठेवतो. घाई करायची नाही. रबर सोल्यूशनही या हवेत उशिरा सुकतं. मे महिन्याच्या अंदाजाने फोम चिकटवला तर तो सरकतो.

आता फोम. इथे गिऱ्हाईक तुम्हाला डेन्सिटी विचारेल, कारण सोफ्याच्या दुकानात त्याने तो शब्द ऐकलेला असतो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन. चाळीस डेन्सिटीचा फोम बत्तीसपेक्षा टिकतो हे साधारण खरं. पण साधा पीयू फोम चाळीसचा असो की पन्नासचा, पाणी पिणारच. बोटीसाठी दोन जाती कामाच्या. एक, मोठ्या उघड्या छिद्रांचा, जाळीसारखा फोम. याच्यातून पाणी सरळ खाली निघून जातं, तो लवकर सुकतो आणि महाग असतो. दुसरा, बंद छिद्रांचा. त्याच्यात पाणी शिरतच नाही, पण तो कडक असतो. नुसता त्याच्यावर बसून डॉल्फिन बघायला गेलेला माणूस परत येताना कंबर धरून येईल. दादांच्या गाद्यांना आम्ही खाली बंद छिद्रांचा पातळ थर आणि वर जाळीचा फोम घातला. खालच्या थरालाही फळीच्या भोकांसमोर भोकं पाडली, नाहीतर वरचं पाणी तिथेच तुंबलं असतं.

विकत घेण्याआधी एक चाचणी करा, याला खर्च नाही. व्यापाऱ्याकडून वीतभर तुकडा मागा. बादलीत मिठाचं पाणी करा, तुकडा दाबून बुडवा, बाहेर काढून जाळीवर ठेवा. ठिबकणं किती वेळात थांबतं ते घड्याळात बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बोटांत पिळा. माझ्या जुन्या फोमचा तुकडा मी असाच ठेवला होता, तिसऱ्या दिवशीही त्यातून पाणी निघालं. दुकानात बसून ही चाचणी आधी केली असती तर वीस हजार वाचले असते.

काही जण फोम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. प्लॅस्टिकला एक भोक पडलं की ती पाण्याची पिशवी होते. मी करत नाही.

कव्हरसाठी मरीन व्हिनाइल घ्या. उन्हाने तडकू नये आणि बुरशी धरू नये म्हणून त्याच्यात सोय केलेली असते. आम्हाला ते मुंबईहून अकराशे रुपये मीटरने पडलं, साध्याच्या जवळजवळ चौपट. धागा पॉलिस्टरचा, जाड. सुती धागा कुजतो आणि नायलॉन उन्हाने कमजोर होतो. टाके फार जवळ घालू नका, इंचाला सहाच्या आसपास पुरे. बारीक टाका नीटनेटका दिसतो, पण व्हिनाइलला तो तिकिटाच्या भोकांसारखा होतो. ताण आला की तिथूनच फाटतं. वरचं आणि खालचं कापड दोन्ही एकदम पुढे सरकवणारी मशीन असेल तर उत्तम. साध्या मशीनवर जाड व्हिनाइल गोळा होतं आणि टाके लहानमोठे पडतात.

शिवण बसायच्या सपाट भागावर येऊ देऊ नका. ती खाली, बाजूच्या पट्टीवर न्या. पिना स्टेनलेसच्याच. डबा घेताना त्यावर ३०४ किंवा ३१६ लिहिलंय का बघा. साध्या आणि स्टेनलेसच्या पिना चुकून मिसळल्या तर ओघळ कुठून आला ते शोधत बसाल, म्हणून माझ्या दुकानात बोटीची गनच वेगळी ठेवली आहे. आणि गादीच्या खालच्या बाजूला रेक्झिन लावू नका, प्लॅस्टिकची जाळी लावा. दादांच्या प्रश्नाचं उत्तर त्या जाळीतूनच खाली पडतं.

मापाबद्दल एक सूचना. जुनं कव्हर शिवणीवर ब्लेडने उसवून त्याचाच कागदी साचा काढायचा, हे बरोबर. पण उसवण्याआधी मधोमध आणि कोपऱ्यांवर पेनाने खुणा करा, प्रत्येक गादीवर ‘डावी पुढची’, ‘उजवी मागची’ असं लिहा. आणि जुनं कव्हर ताणून सैल झालेलं असतं, तेव्हा फळीच्या मापाशी ताडून बघितल्याशिवाय व्हिनाइलला कात्री लावू नका. अकराशे रुपये मीटर आहे, लक्षात ठेवा.

हात लावू नये असं काही

बऱ्याच बोटींत सीटखालच्या पोकळीत फोमचे ठोकळे भरलेले असतात. कारागिराला वाटतं कचरा आहे, काढून टाकू, सामान ठेवायला जागा होईल. बोटीत पाणी भरलं तर तिला तरंगत ठेवायला ते असतात. काढायचे नाहीत. सीटखाली लाइफजॅकेट ठेवत असतील तर झाकण एका हाताने, ओल्या हाताने, पटकन उघडलं पाहिजे. सुंदर दिसावं म्हणून तिथे घट्ट चेन किंवा स्क्रू देऊ नका. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असेल तर तिथल्या हवा खेळायच्या जागा गादीने बंद होता कामा नयेत.

आणि ‘अजून दोन माणसं बसतील असं काही कर’ असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. बोटीत किती माणसं बसवायची ते तिच्या कागदांवर लिहिलेलं असतं, तुमच्या टेपवर नाही. माझं असं एक काम गेलं. गेलं तर गेलं.

चालवणाऱ्याच्या खुर्चीचं वेगळं. तिचा प्लॅस्टिकचा सांगाडा तडकला असेल, बिजागरी सैल झाली असेल तर नवं कव्हर घालून उपयोग नाही, तयार खुर्ची आणून बसवा. आणण्याआधी बोल्टच्या भोकांचं माप घ्या. नवी भोकं पाडावीच लागली तर जुनी नीट बुजवा आणि नव्यांत सीलंट भरा. डेकच्या आत लाकूड असतं, एका उघड्या भोकातून पाणी गेलं तर ते कुजायला सुरुवात होते. बाकाचा फायबरचा डबाच तडकला असेल तर ते बोट बांधणाऱ्याचं काम, आपलं नव्हे. बाकांच्या गाद्या मात्र शक्यतो बांधूनच द्याव्या लागतात, कारण प्रत्येक बोटीचा आकार वेगळा आणि तयार गादी मिळत नाही. आपली खरी कमाई तिथेच आहे.

दर कसा देतो

आता मी फोटोवर दर देत नाही. कोणी कितीही ओळखीचा असो. फोटोवर एवढंच सांगतो की बघायला येतो, एक गादी उघडतो, उघडणावळ पाचशे रुपये. काम मिळालं तर ते बिलात वजा. निम्मे लोक इथेच मागे फिरतात. सुरुवातीला वाईट वाटायचं, आता वाटत नाही. पाचशे रुपयांना मागे फिरणारा माणूस फळी कुजकी निघाल्यावर काय करेल?

सगळ्यात खराब दिसणारी गादी उघडायची नाही, सगळ्यात बरी दिसते ती उघडायची. तीच आतून गेलेली असेल तर बाकीच्यांबद्दल वाद उरत नाही. मालकासमोर उघडायची, स्क्रूड्रायव्हर त्याच्याच हातात द्यायचा. फळीत तो घुसला की मला काही बोलावं लागत नाही.

मग कागदावर दोन भाग लिहून देतो. एक ठरलेला: कव्हर, फोम, धागा, पिना, मजुरी, वाहतूक. दुसरा सशर्त: फळी बदलावी लागली तर चौरस फुटाला इतके, इपॉक्सीसह. उघडल्यावर प्रत्येक फळीचा फोटो पाठवायचा, ‘बदल’ असा मेसेज आल्याशिवाय कापायचं नाही. माल परगावाहून येतो म्हणून साठ टक्के आगाऊ. वायदा करताना एक गोष्ट धरा, विशेषतः आपल्या कोकणातले असाल तर. गणपती कधी आहेत ते आधी कॅलेंडरमध्ये बघा. त्या आठवड्यात तुमचा एकही कारागीर मशीनवर बसणार नाही आणि बसवायचा प्रयत्नही करू नका. गणपती ऑगस्टअखेर आले तर माझ्या लेखी काम १५ ऑगस्टला संपलेलं असतं.

काम देताना मालकाला एवढंच सांगतो: संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, गाद्या उभ्या करून ठेवा, डाग काढायला साधा साबण आणि मऊ ब्रश. थिनर किंवा ब्लीच लावलं तर व्हिनाइल कडक होऊन तडकतं, त्याची जबाबदारी माझी नाही, हे बिलावर छापलेलंच आहे.

दादांच्या गाद्यांचा तिसरा सीझन चालू आहे. मागच्या सीटची एक शिवण सहा इंच उसवली होती, ती गेल्या पावसाळ्यात घालून दिली, पैसे घेतले नाहीत. त्या निमित्ताने खालची जाळी काढून फळी बघितली, स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. गेला नाही. त्यांनी शेजारच्या दोन बोटवाल्यांना माझा नंबर दिलाय, पण देताना आधी टॉवेलची गोष्ट सांगतात, मग नंबर.